मॅमोग्राफी केंद्राबद्दल, तीन वर्षांच्या अनुभवावरून

अठ्ठावीस वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम करते आहे. छापायला जाणारा मजकूर वाचायचा आणि इतरांच्या नजरेतून सुटलेलं शोधायचं, हा माझा रोजचा उद्योग. या केंद्रात मी लागोपाठ तीन वर्षं मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, करून घेतली. त्याबद्दल लिहिताना माझी ही सवय मध्ये येणार, कारण मी केंद्र निवडलं तेच मुळी तिच्यामुळे.

आधी ताईचं सांगते. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एका दुसऱ्याच ठिकाणी तिची मॅमोग्राफी झाली होती आणि रिपोर्टात जेमतेम एक ओळ होती: संशयास्पद काही आढळलं नाही. आठ महिन्यांनी अंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. मग बायोप्सी, शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, सगळं झालं. आज पाच वर्षांनंतर ती बरी आहे, चालते-फिरते आहे. पण त्या दिवसांत तिने एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता. "आठ महिन्यांपूर्वी ती गाठ तिथे नव्हतीच, की होती आणि दिसली नाही?" मी त्या ठिकाणी फोन केला. "तेव्हाचा रिपोर्ट नॉर्मलच होता," एवढंच ऐकायला मिळालं.

म्हणून माझी वेळ आली तेव्हा मी तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडून जे निसटतं त्याचं तुम्ही पुढे काय करता? दोन ठिकाणी समोरच्याला प्रश्नच कळला नाही. या केंद्रातली काउंटरवरची मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हे डॉक्टर मॅडमनाच विचारा ना. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी त्या प्रश्नांसाठी बसतात. तपासणी करून घेतलेली नसली तरी चालतं."

मी गेले. पंधरा-सोळा खुर्च्या, एक पडदा, आणि समोर पन्नाशीच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम. सकाळी त्या मॅमोग्राम वाचतात आणि दुपारनंतर संशोधन करतात. दाट स्तनांमध्ये कर्करोग कसा लपतो आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात कोणाला गाठ येते, हा त्यांचा विषय. माझा प्रश्न ऐकून त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं नाही, पण जवळपास असं होतं. आम्ही ज्यांना 'नॉर्मल' सांगितलं, त्यांतल्या कोणाला पुढची तपासणी येण्याआधी कुठेही कर्करोग निघाला, तर ते नाव आमच्या यादीत येतं. त्यासाठी आम्ही स्वतःहून फोन करतो. मग तिचं जुनं चित्र बाहेर काढायचं, इतर साध्या चित्रांमध्ये मिसळायचं आणि दोन वाचकांना काहीही न सांगता वाचायला द्यायचं. नंतर गाठीची जागा सांगून तेच चित्र पुन्हा पाहायचं. काही चित्रांत तेव्हा खरंच काही नसतं, गाठ नंतर उगवलेली असते. काहींत अगदी पुसट खूण असते. आणि काहींत ती स्पष्ट दिसत असते, आमच्या नजरेतून सुटलेली असते. या तिसऱ्या प्रकारासाठीच हे सगळं करायचं.

पुस्तक छापून झाल्यावर सापडलेली चूक कोण कशी हाताळतं, यावरून मी प्रकाशक ओळखते. मी त्याच दिवशी नाव नोंदवलं.

आता प्रत्यक्ष तपासणीबद्दल. सूचना आधीच मिळाल्या होत्या आणि त्या कामाच्या होत्या. पाळी येत असेल तर ती होऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात या, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नका, त्यातले कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. आणि जुनी चित्रं असतील तर नक्की आणा. नुसता रिपोर्ट नको, चित्रं हवीत. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मागच्या वर्षी होतं तसंच आज आहे का, यावर निम्मा निर्णय ठरतो.

टेक्निशियन तिशीची असेल. मला तिने पहिल्यापासून 'काकू' म्हटलं आणि प्रत्येक हालचालीआधी काय करणार ते सांगितलं. प्रत्येक बाजूची दोन चित्रं घेतात, एक वरून खाली आणि एक तिरकं, काखेपर्यंतचा भाग दिसेल असं. तिरक्या चित्रासाठी तिने माझा खांदा सैल सोडायला लावला, हात दांड्यावर ठेवला, आणि छातीचा स्नायू चौकटीत नीट आला आहे ना ते पाहिलं. तो नीट आला नाही तर मागचा भाग चित्रातून कापला जातो, आणि जे चौकटीतच नाही ते कितीही हुशार डॉक्टरला दिसणार नाही. एकदा तिचं समाधान झालं नाही, तर माझी परवानगी विचारून तिने ते चित्र पुन्हा घेतलं.

दुखतं का, हे सगळ्या विचारतात. वरची पारदर्शक पट्टी खाली येऊन स्तन दाबते तेव्हा त्रास होतो. मला पहिल्या वर्षी बऱ्यापैकी झाला, दुसऱ्या वर्षी कमी. प्रत्येक दाब काही सेकंदांचा असतो. थर पातळ झाल्याने किरण कमी लागतात, आतले पदर एकमेकांपासून पसरतात आणि चित्र हलत नाही. स्तन दाबून चित्र घेण्याचं महत्त्व विसाव्या शतकाच्या मध्याला उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी दाखवलं. त्याआधी, १९१३ साली, बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची एक्स-रे चित्रं तपासली होती. हे मला गुरुवारच्या बैठकीत कळलं आणि पुढच्या वेळी पट्टी खाली येताना आठवलं. किरणांची भीती असलेल्यांसाठी: एका पूर्ण मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट एवढी मात्रा मिळते. जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला सुमारे दोन महिन्यांत तेवढी आपसूक मिळतच असते.

यंत्र टोमोसिंथेसिसचं आहे. त्यात एक्स-रेची नळी कमानीसारखी फिरते, वेगवेगळ्या कोनांतून कमी मात्रेची चित्रं घेते, आणि संगणक त्यांतून साधारण एकेक मिलिमीटरचे थर जुळवतो. अमेरिकेत या तंत्राला २०११ मध्ये मान्यता मिळाली. साध्या चित्रात सगळी पानं एकावर एक ठेवून उजेडात धरल्यासारखं होतं. इथे पानं एकेक करून उलटता येतात.

पहिल्या वर्षीचा रिपोर्ट चार दिवसांत आला. त्यात कर्करोगाची चिन्हं नाहीत असं होतं, आणि खाली ठळक अक्षरात 'घनता: सी'. सोबत एक पानभर माहिती होती, साध्या भाषेत. मी त्यात दोन शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या आणि पुढच्या वर्षी त्या दुरुस्त झालेल्या दिसल्या.

ही घनतेची गोष्ट प्रत्येकीला कळायला हवी, म्हणून जरा थांबून लिहिते. मॅमोग्रामवर चरबी काळसर दिसते. दुधाच्या ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. काळ्यावर पांढरं सहज सापडतं, पांढऱ्यावर पांढरं हरवतं. घनतेचे चार वर्ग आहेत, ए, बी, सी, डी. तपासणीला येणाऱ्या चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या स्त्रिया सी आणि डीमध्ये मोडतात, अगदी दाट म्हणजे डीमध्ये दहातली एक. स्तन हाताला कडक लागतो की मऊ, यावरून हे कळत नाही, चित्रातच दिसतं. दाट स्तन हा आजार नाही, पण त्याने गाठ लपते आणि कर्करोगाची शक्यताही काहीशी वाढते. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिची घनता लेखी कळवणं बंधनकारक झालं आहे. ताईच्या रिपोर्टात घनतेचा उल्लेखच नव्हता. "या चित्रात बराच भाग आम्हाला नीट दिसत नाही," एवढं एक वाक्य असतं तर तिने पुढचं काहीतरी विचारलं असतं.

मग दाट असेल तर काय? मॅडमनी याचं सरळ उत्तर दिलं नाही आणि मला ते आवडलं, कारण त्यांनी अभ्यास समोर ठेवले. नेदरलँड्समध्ये अतिशय दाट स्तन असलेल्या ४०,३७३ स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅमोग्राफी स्वच्छ आलेल्या काही जणींना जादा एमआरआयसाठी बोलावलं, बाकीच्यांना नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवणारे कर्करोग न बोलावलेल्या गटात हजारी ५ निघाले, बोलावलेल्या गटात २.५. जपानमध्ये चाळिशीतल्या सुमारे ७३,००० स्त्रियांत मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिली तेव्हा जास्त कर्करोग सापडले, पण विनाकारण परत बोलावणंही वाढलं. ब्रिटनमधला ताजा अभ्यास २०२५ चा. त्यात मॅमोग्राफी स्वच्छ असूनही दाट असलेल्यांत आटोपशीर एमआरआयने हजारी १७ च्या आसपास कर्करोग शोधले, रंगद्रव्य टोचून केलेल्या मॅमोग्राफीने १९ च्या आसपास, आणि यांत्रिक सोनोग्राफीने फक्त ४ च्या. "पण यातले किती जीव वाचवणारे होते आणि किती कधीच त्रास न देणारे, हे कळायला वर्षं लागतात," असंही त्या म्हणाल्या.

ही दुसरी बाजू त्यांच्या माहितीपत्रकात छापलेली आहे. ब्रिटनमधल्या स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये अंदाज मांडला होता: पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षं तपासणीला बोलावलं तर ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ जणींना अशा कर्करोगाचं निदान होतं जो एरवी आयुष्यभर समोरच आला नसता. हे आकडे वाचून बाहेर पडणारी एखादी असेलही. मला उलट विश्वास वाटला. माझं स्वतःचं गणित असं बसलं: सख्ख्या बहिणीला झालेला असल्याने धोका साधारण दुप्पट, घनता सी, आणि जनुकचाचणीत ताईचं काही निघालेलं नाही. आयुष्यभराचा अंदाजित धोका २० टक्क्यांच्या पुढे गेला की दरवर्षी एमआरआयचा विचार करतात. माझा त्याखाली आला. दरवर्षी टोमोसिंथेसिस, आणि शंका वाटली तर सोनोग्राफी, असं आम्ही दोघींनी बसून ठरवलं.

दुसरं वर्ष वाईट गेलं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला फोन आला. "डाव्या बाजूचं पुन्हा घ्यावं लागेल, मंगळवारी या." का, ते फोन करणाऱ्या मुलीला माहीत नव्हतं. डॉक्टर निघून गेल्या होत्या. मेलवर रिपोर्ट आला, त्यात 'बाय-रॅड्स ०'. बाय-रॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निकाल आकड्यांत सांगायची ठरलेली पद्धत. मला वाटलं शून्य म्हणजे काही नाही. मग परत कशाला बोलावतात? रात्री शोधून वाचलं तेव्हा कळलं की या मोजणीत शून्याचा अर्थ 'तपासणी अपुरी, आणखी चित्रं हवीत' असा आहे. काही नाही याला १ म्हणतात, निरुपद्रवी काहीतरी आहे याला २. चार रात्री मी ताईपासून ही गोष्ट लपवली आणि एका दिवाळी अंकाची प्रुफं वाचत बसले. त्या प्रुफांत मी एक अख्खी ओळ दुबार छापलेली सोडली. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

मंगळवारी डाव्या बाजूच्या वरच्या, बाहेरच्या भागावर लहान पट्टीने दाब देऊन चित्र घेतलं, मग सोनोग्राफी केली. मॅडम स्वतः आल्या आणि पडदा माझ्याकडे वळवला. गुळगुळीत कडेचा, आतून पूर्ण काळा गोल. पाण्याची साधी गाठ. "ही कर्करोग नाही आणि होणारही नाही," त्यांनी तिथेच, मी कुशीवर पडलेली असतानाच सांगितलं. रिपोर्ट २ झाला. मी बराच वेळ उठले नाही, आणि कोणी मला उठवलंही नाही.

नंतर मी त्यांना शुक्रवारच्या फोनबद्दल सांगितलं, आणि रागानेच सांगितलं. तपासणी करणाऱ्या शंभरातल्या दहाएक जणींना पुन्हा बोलावलं जातं आणि त्यांतल्या बहुतेकींना काही नसतं. हे एक वाक्य फोनवर सांगायला किती वेळ लागतो? त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि एक अमेरिकन अभ्यास सांगितला, २०२४ मधला. स्वच्छ निकाल मिळालेल्या ७७ टक्के स्त्रिया पुढच्या तपासणीला परत आल्या. विनाकारण बोलावल्या गेलेल्यांत, ज्यांना सहा महिन्यांनी पुन्हा या म्हटलं होतं, त्यांतल्या ६१ टक्केच आल्या. म्हणजे असा एक फोन एखादीला कायमचं दूर लोटू शकतो. या वर्षी माझ्या ओळखीच्या एकीला बोलावलं, तेव्हा फोन सकाळी आला आणि कारण सांगितलं गेलं. पण बोलणारी व्यक्ती अजून काउंटरवरचीच होती. तिला पुढचे प्रश्न विचारता येत नाहीत. एक तारा मी यासाठी कापते आहे आणि तो परत मिळावा असं मला मनापासून वाटतं.

संगणकाबद्दल बरेच जण विचारतात. इथे प्रत्येक चित्र दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचतात आणि मतभेद झाला तर तिसऱ्याकडे जातं. आमच्याकडे चांगल्या छापखान्यात दोन शोधकांनी प्रुफं वाचायची पद्धत होती, तशीच ही. सॉफ्टवेअर आहे, पण पहिला वाचक आपलं मत नोंदवेपर्यंत त्याच्या खुणा दिसत नाहीत. मॅडमचं म्हणणं, जुन्या पिढीची खुणा करणारी सॉफ्टवेअरं अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरली गेली, आणि २०१५ मध्ये मोठ्या पाहणीत दिसलं की त्यांनी अचूकता वाढलीच नव्हती. मला हे लगेच पटलं. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पानभर बरोबर शब्दांखाली लाल रेघा मारल्या की माणूस रेघांकडे पाहणंच सोडतो. नव्या पिढीची गोष्ट मात्र वेगळी दिसते आहे. स्वीडनमध्ये एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात सॉफ्टवेअरने आधी धोक्याप्रमाणे चित्रं लावली, कमी धोक्याची एकाने वाचली, जास्त धोक्याची दोघांनी. वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि हजारी ५ ऐवजी ६.४ कर्करोग सापडले.

मॅडमनी मला कॅल्शियमच्या ठिपक्यांचं एक चित्र दाखवलं, नाव झाकून. पानभर विखुरलेले अनुस्वार असावेत तसे. बहुतेक ठिपके निरुपद्रवी असतात. पण एका कोपऱ्यात आठ-दहा बारीक, वेडेवाकडे, एकमेकांना चिकटून बसलेले होते आणि त्यांची बायोप्सी करावी लागली. मला ते त्यांनी बोट ठेवल्यावरच दिसले.

या वर्षी मी ताईची ती जुनी चित्रं घेऊन गेले. ताईला विचारून, ताईला बरोबर घेऊन. मॅडमनी ती दोन पडद्यांवर लावली, गाठ कुठे निघाली ते विचारलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मोठं करून, उजेड कमी-जास्त करून. मग ताईकडे वळल्या.

"ताई, जागा माहीत असूनही मला इथे काही दिसत नाहीये. हा सगळा भाग डी आहे, पांढरा. गाठ तेव्हा असेल तरी यात दिसली नसती. वाचणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. पण तुम्हाला हे सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही."

ताईने पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे मी त्या दिवशी नीट उभी राहिले नाही म्हणून नाही ना?" मला माहीतच नव्हतं की पाच वर्षं ती हे मनात घेऊन होती. "नाही हो, अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या, आणि चित्रावर बोट ठेवून तिला छातीचा स्नायू किती व्यवस्थित आला आहे ते दाखवलं.

उरलेलं थोडक्यात. संशोधनासाठी संमतीपत्र देतात. अकरा पानांचं आहे, पण वाचण्यासारखं. नाव काढून चित्र वापरायचं, नकार दिला तर सेवेत फरक पडत नाही, आणि हो म्हटलं तर वर्षाने, दोन वर्षांनी फोन येतो. काही झालं नसलं तरी तो फोन उचलावा, कारण निसटलेल्यांची मोजणी स्वच्छ निघालेल्यांशिवाय होत नाही. मी सही केली, ताईने तिची जुनी चित्रं दिली. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही, ती बसवावी. गाउन पुढून उघडणारे आहेत, ते चांगलं. चित्रांची प्रत मागितली की त्याच दिवशी मिळते.

पाचपैकी चार तारे. ताईच्या दुसऱ्या बाजूची दरवर्षीची तपासणीही आता इथेच होणार आहे. आम्हा दोघींना एकाच सकाळी, लागोपाठच्या वेळा मिळाल्या आहेत.